कंसातील शब्द कोणाचा?

दुसऱ्याचे वचन अवतरणचिन्हांत घालून देणे ही लेखनव्यवहारातील नित्याची गोष्ट आहे. ती नित्याची असल्यामुळेच तिच्यातील जबाबदारी आपल्या ध्यानात राहत नाही. अवतरणचिन्ह उघडताच लेखक वाचकाला एक अलिखित हमी देतो की, यापुढचे शब्द माझे नव्हेत. ज्याचे नाव मी घेतले त्याचे आहेत. परंतु दुसऱ्याचे वाक्य आपल्या लेखात जसेच्या तसे क्वचितच बसते. त्यातील ‘तो’ म्हणजे कोण हे सांगावे लागते, अध्याहृत कर्ता पुरवावा लागतो, झिजलेले अक्षर भरावे लागते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी छापील लेखनाने चौकटी कंस स्वीकारला. अवतरणाच्या पोटातच ‘एवढे मात्र माझे’ असे सांगण्याची ही सोय होय. खूण लहानशी, तिच्यामागचा प्रश्न मात्र नीतीचा आहे. दुसऱ्याच्या शब्दांत हात घालण्याचा आपला अधिकार किती, आणि हात घातलाच तर तो किती काळ दिसत राहिला पाहिजे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एका गावाचे उदाहरण घेऊ. सुरतेजवळ तापीच्या काठी कामरेज नावाचे गाव आहे. १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत तो गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एक महाल होता. म्हणजे मराठी दप्तराला हे नाव परके नाही. पण गाव त्याहून पुष्कळच जुने. गुजरातेतील चालुक्य राजा अवनिजनाश्रय पुलकेशी याचा जो ताम्रपट नवसारीस सापडला, त्यात ताजिकांच्या, म्हणजे अरबांच्या, स्वारीचा पराभव वर्णिला आहे, आणि ‘कार्मणेय’ आहारातील पद्रक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. हे कार्मणेय म्हणजेच आजचे कामरेज, असे विद्वान मानतात. या काळातील कोरीव लेखांचा मोठा संग्रह महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून १९५५ साली प्रसिद्ध केला. जन्माने कोकणातल्या आणि कर्माने नागपूरच्या या पंडिताने गुजरातपासून छत्तीसगडपर्यंतचे लेख एकत्र आणले.

कोरीव लेख छापण्याचा शिरस्ता मोठा काटेकोर असतो. पत्र्यावर जे अक्षर पुसट झाले आहे ते चौकटी कंसात छापायचे. कोरणाऱ्याची चूक दुरुस्त केली तर ती साध्या कंसात दाखवायची. मुळात नसलेले अक्षर पुरविले तर त्यावर तारकाचिन्ह द्यायचे. डोळ्यांनी पाहिलेले, बुद्धीने ताडलेले आणि पदरचे घातलेले, असे तीन प्रकार वाचकासमोर वेगवेगळे राहतात. पत्रा हाती नसलेल्या वाचकालाही संपादकाशी मतभेद करण्याची मुभा उरते. विद्वत्तेतील सचोटी याहून निराळी काय असते?

आता गंमत पाहा. पुलकेशीच्या ताम्रपटात ४९० हा वर्षाचा आकडा आहे. पण तो कोणत्या शकाचा, हे त्यात सांगितलेले नाही. कीलहॉर्न आणि पुढे मिराशी यांनी अशा लेखांतील कालनिर्देशांचे गणित करून हा कलचुरि संवत् असल्याचे व त्याचा आरंभ कोणत्या वर्षी झाला हे ठरविले. त्यावरून हे वर्ष इसवी सन ७३९ च्या सुमाराचे ठरते. सावध लेखक म्हणूनच लिहील, ‘[कलचुरि] संवत्सर ४९०, कार्मणेय [कामरेज] आहार’. दुसरा लेखक त्यावरून उतरून घेतो. कंस त्याला नजरेत खुपणारे वाटतात, किंवा छापखान्यात ते खिळेच नसतात. तो लिहितो, ‘कलचुरि संवत्सर ४९०, कामरेज आहार’. तिसरा निःशंकपणे सांगतो की, आठव्या शतकातील राजाने कामरेजचे नाव आणि कलचुरि शक आपल्या तोंडाने उच्चारला आहे. या तिघांपैकी कोणीही असत्य बोलण्याच्या हेतूने लेखणी हाती धरली नव्हती. तरीही राजाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले दोन शब्द बसले. कंस गळला आणि तर्काचा दस्तऐवज झाला.

येथे तर्क बलवान आहे, म्हणून हानी दिसत नाही. पण सगळेच तर्क असे नसतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी ‘कम्मोनी’ नावाचे गाव सांगितले आहे. काही संशोधक तेही कामरेजच मानतात, आणि २००३ साली कामरेजला उत्खनन झाले तेव्हा पेरिप्लसचा हा दुवाच त्यांच्या नजरेसमोर होता. ग्रीक नावापुढचा कंस गळू दिला, तर शोधायचे काही उरतच नाही; प्रश्नाचे उत्तर प्रश्न विचारण्यापूर्वीच छापून झालेले असते.

कोणी म्हणेल, हा सारा पंडितांचा सोवळेपणा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. छापखाना येण्याच्या फार पूर्वी आपल्याकडचे संस्कृत टीकाकार मूळ श्लोकात पद पुरविताना ‘इति शेषः’ असे लिहीत. हे पद कवीचे नव्हे, अर्थ लागावा म्हणून आम्ही जोडले, एवढेच त्यांना सांगायचे असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात यापुढे कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. परंतु स्वतः नाथांनी कोठे कोणता शब्द बदलला, हे दाखविणारी खूण आपल्या हाती नाही. नाथपूर्व पाठाचा शोध घेणाऱ्यांना म्हणून आजही चाचपडावे लागते. नाथांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपला मुद्दा एवढाच की, हेतू कितीही निर्मळ असला तरी खुणेचे काम तो करू शकत नाही.

आणि जिवंत माणसांच्या बाबतीत तर प्रश्न अधिक नाजूक होतो. सभेत एक वक्ता म्हणाला, ‘त्यांनी हे काम बिघडविले.’ वृत्तान्त लिहिणारा छापतो, ‘[अध्यक्षांनी] हे काम बिघडविले.’ कंस आहे, शिरस्ता पाळला गेला आहे. पण ‘त्यांनी’ म्हणजे अध्यक्ष की चिटणीस हे वक्त्याने सांगितलेच नव्हते. येथे कंसाने प्रामाणिकपणाचा वेष घेऊन एका माणसावर आरोप ठेवला आणि तो दुसऱ्या माणसाच्या जिभेवरून ठेवला. तेव्हा कंस घातला म्हणजे पाप फिटले, असे समजण्याचे कारण नाही. जो शब्द काढून त्याच्या जागी आपला बसविला तो वाचकाला पुन्हा दिसत नाही. शक्य तेथे मूळ शब्द ठेवून त्याच्यापुढे आपला शब्द जोडावा, हा मार्ग अधिक निर्धोक.

मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांतून वाचणाऱ्यांना याची प्रचीती सहज येईल. एखादा म्हणतो, ‘हांव घरा वता’. मराठी लेखात हे वाक्य ‘मी घरी जातो’ असे अवतरणचिन्हांत आले, तर अर्थ पोहोचला. पण माणूस पोहोचला नाही. त्याची भाषाच त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि तीही तो बोलत असतानाच. ‘हांव घरा वता [मी घरी जातो]’ असे लिहिण्यास तीन शब्द अधिक लागतात. तेवढी जागा शेजारच्या भाषेला द्यावी, हे काही फार मोठे औदार्य नव्हे. याच्या उलट, अल्पशिक्षिताच्या पत्रातील प्रत्येक अशुद्ध शब्दापुढे ‘[मुळात असेच]’ असा शेरा मारीत जाणे ही कंसाची दुसरी विकृती. तेथे वाचकाला मदत होत नाही. उद्धृत करणाऱ्याचे व्याकरण तेवढे मिरवले जाते.

कंसांनी वाक्य खडबडीत होते, वाचनाचा ओघ तुटतो, ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावर उपायही साधा आहे. कंस फार होऊ लागले तर अवतरणचिन्हे काढून टाकावीत आणि मतितार्थ स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या जबाबदारीवर सांगावा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो दुसऱ्याच्या नावाचे वजन घ्यायचे आणि शब्द मात्र आपले चालवायचे, यात.

म्हणून या बाबतीत सर्वांत मोठे कर्तव्य आम्हांस पहिल्या लेखकाचे वाटत नाही. ते दुसऱ्याचे आहे. पहिल्याने कंस घालून आपला कबुलीजबाब दिलेला असतो. तो कबुलीजबाब पुढच्याने उतरून घेताना टाकून दिला, तर पहिल्याची सचोटीही व्यर्थ जाते. दुसऱ्याचा कंस गाळायचा असेल तर मुळापर्यंत जाऊन पाहण्याचे कष्ट घ्यावेत. ते होत नसतील तर कंस जसाच्या तसा ठेवावा. पुलकेशीच्या पत्र्यावर कार्मणेय हे नाव जवळजवळ तेराशे वर्षे राहिले. त्याच्यापुढे आपण लिहिलेले ‘कामरेज’ आपलेच आहे, हे तेराशे वर्षांनंतरच्या वाचकालाही कळावे, एवढीच या दोन उभ्या रेघांकडून अपेक्षा आहे.