कोठीतले धान्य कोणाचे?

घरात चार महिन्यांचे अन्न भरून ठेवणे हे शहाणपण की स्वार्थ, हा प्रश्न एरवी आपल्याला पडत नाही. रस्ता चालू असतो, दुकान उघडे असते, शेजाऱ्याला हवे ते तो विकत आणू शकतो. आपली कोठी भरलेली असली म्हणून त्याचे काही अडत नाही. प्रश्न पडतो तो रस्ता बंद झाल्यावर.

काश्मीर खोऱ्यात तो दर हिवाळ्यात पडतो. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे 'चिल्लई कलान' हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो. एका रात्रीत एवढे बर्फ पडते की अंगणातली वाट दिसेनाशी होते, वीज जाते, जम्मूकडचा महामार्ग अडतो आणि खेड्यातले घर काही दिवस आपल्यापुरते जग होऊन बसते. मग घरात जे आहे तेच चुलीवर चढते. तांदूळ, राजमा आणि उन्हाळ्यापासून सुकवून ठेवलेल्या भाज्या. दुधीच्या चकत्या, वांग्याच्या फोडी, टोमॅटो, शलगम हे सारे उन्हात वाळवून, कधी दोऱ्यात ओवून ठेवलेले असते. या सुक्या भाज्यांना तिथे 'होख स्यून' म्हणतात. त्या गरम पाण्यात भिजवायच्या, धुवायच्या आणि मोहरीच्या तेलात डाळीबरोबर किंवा मटणाबरोबर शिजवायच्या. सोबत सुकी मासळी असते, खारा चहा असतो. खोऱ्यात आता बारमाही ताजी भाजी मिळते. तरीही बर्फात अडकलेल्या घराला खरा आधार या वाळवणाचाच असतो.

कोकणातल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. मृगाआधी आम्ही आगोट भरतो ती हीच. तांदूळ, लाकूडफाटा, सुके बोंबील, सोडे, जवळा, आमसुले. तिथे बर्फ, इथे पाऊस, एवढाच फरक. दोन्हीकडच्या गृहिणीला एकच गोष्ट ठाऊक असते की, बाजारावर विसंबून राहता येणार नाही असे दिवस येतात.

तेव्हा साठवण करण्यात पाप नाही. प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न बाजूला काढून ठेवत, अशी हदीस आहे. ज्याची निंदा केली गेली तो 'इहतिकार', म्हणजे भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणे. साठवण आणि साठेबाजी यांत धर्माने स्पष्ट रेषा ओढली आहे. ही रेषा व्यापाऱ्यासाठी आहे, आपण तर घरापुरते ठेवतो, असे म्हणून आपण निश्चिंत होतो.

इथेच थोडे थांबायला हवे. कुर्बानीच्या मांसासंबंधी एक प्रसंग आपल्याला माहीत असतो, पण त्याचा अर्थ आपण फारसा शोधत नाही. एका वर्षी कुर्बानीचे मांस तीन दिवसांहून अधिक घरात ठेवू नये, असा आदेश प्रेषितांनी दिला. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले तेव्हा, खा, खाऊ घाला आणि साठवाही, अशी मुभा मिळाली. आदल्या वर्षी मदिनेत भुकेली, गरजू माणसे आली होती, म्हणून ती मनाई होती. मांस तेच, घर तेच आणि ठेवणाऱ्याची नियतही तीच. बदलली होती ती फक्त दाराबाहेरची परिस्थिती. एका वर्षी जे रास्त ते दुसऱ्या वर्षी निषिद्ध ठरले. साठवणीचे पाप-पुण्य कोठीच्या आत ठरत नाही, ते शेजाऱ्याच्या चुलीवरून ठरते, असाच याचा अर्थ आम्हाला वाटतो. बकरी ईदनंतर आपले फ्रीज महिनाभर भरलेले असतात, तेव्हा बाहेरचे वर्ष यातले कोणते आहे, हे आपण पाहतो का?

बर्फ पडले की हा प्रश्न टाळता येत नाही. पैसे असूनही विकत घ्यायला काही नसते. गावातल्या साऱ्या कोठ्यांत मिळून जेवढे आहे तेवढेच गावाचे अन्न. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तळमजल्याची घरे आणि बाजारपेठ एकदमच बुडाली, आणि जे काश्मीरमध्ये बर्फ करते ते इथे पुराने केले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा रस्ते सर्वांचेच बंद झाले, पण कोठी सर्वांकडे नव्हती. ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी पिशव्या भरल्या. रोजंदारीवाले शेकडो मैल पायी निघाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांची जबाबदारी आधी, हेही धर्मच सांगतो. रस्ता किती दिवस बंद राहील हे कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी उदार होऊन कोठी उघडली आणि आठव्या दिवशी आपलेच मूल भुकेले राहिले, तर त्या उदारपणाला काय म्हणावे? आईची ही भीती खोटी नाही. तिला कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल.

पण ही भीती एकटीने वागवली तरच मोठी होते. एका मोहिमेत तीनशे माणसांची शिदोरी संपत आली, तेव्हा हजरत अबू उबैदा यांनी प्रत्येकाजवळचे अन्न एकत्र करून रोज थोडे थोडे वाटले, शेवटी तर माणशी एकच खजूर मिळू लागला. अशअरी लोक अन्न कमी पडले की आपल्याजवळचे सारे एका कापडावर ओतत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. ते माझे आणि मी त्यांचा, अशी त्यांची वाखाणणी प्रेषितांनी केली. या दोन्ही ठिकाणी भावनेच्या भरात उधळण नाही, मोजमाप आहे. दान उरलेल्यातून होते. इथे उरलेले काहीच नसते, म्हणून आधी सगळे मोजावे लागते आणि मगच वाटावे लागते. दिवस किती हे माहीत नसेल, तर एकेका घराने वेगवेगळा अंदाज बांधण्यापेक्षा सर्वांनी मिळून हिशेब करणे अधिक शहाणपणाचे. कोणाकडे तांदूळ असतो, कोणाकडे सरपण, कोणाकडे फक्त बर्फ उपसणारे दोन हात.

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस खोऱ्यात जोराचे बर्फ पडले. सोनमर्गच्या वाटेवर गुंड गावाजवळ पंजाबातील पर्यटकांचा एक गट अडकला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी जामिया मशिदीचे दार उघडले. आलेल्यांचा धर्म कोणता, हे कोणी आधी विचारले नाही. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागलेला एवढाच अर्थ नाही. रस्ता बंद असताना जो आपल्या दाराशी आहे तो आपला शेजारी, हे त्या गावाला कोणी शिकवावे लागले नाही.

या साऱ्यात एक गोष्ट नेहमी अंधारात राहते. अन्न वाटल्याचे पुण्य बहुधा घरच्या कर्त्याच्या नावावर जमा होते. भाद्रपदाच्या उन्हात दुधी कोणी चिरला, बोटे गोठवणाऱ्या पाण्यात ती भाजी कोणी धुतली, पाहुणे वाढले तेव्हा भात पुरावा म्हणून कोण शेवटी जेवले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. रस्सा शिजवताना पाणी वाढवा आणि शेजाऱ्याचा विचार करा, असा उपदेश प्रेषितांनी हजरत अबू जर यांना, म्हणजे एका पुरुषाला केला होता. आपण मात्र ते वाढवलेले पाणी घरातल्या बाईच्याच ताटात जाऊ देतो. सारखे माप म्हणायचे तर ते स्वयंपाक करणारीलाही लागू झाले पाहिजे. नाहीतर तो शेजारधर्म दुसऱ्याच्या उपासावर उभा राहतो.

तेव्हा कोठी अवश्य भरावी, आगोट करावी. हवामान आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिले नाही, म्हणून तर अधिकच करावी. मात्र भरतानाच मनाशी एक खूणगाठ बांधावी. रस्ता चालू आहे तोवर हे धान्य आपले. रस्ता बंद झाला की ते आपल्याकडे असलेली अमानत. मग ते मोजायचे, आणि मोजताना भिंतीपलीकडची तोंडेही धरायची.