आजीछाप वास



चैत्रात कोकणातल्या केळशीला महालक्ष्मीचा उत्सव असतो. मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, देवळात खांद्याला खांदा लागतो. अशा गर्दीत एखाद्या काकूंच्या पदराला पावडरीचा कोरडा, गोडसर वास येतो आणि मागे उभी असलेली कॉलेजातली पोर नाक मुरडते, "शी! आजीछाप वास!" काकू बिचाऱ्या सण म्हणून पावडर लावून आलेल्या असतात. एरवी कामाच्या धबडग्यात त्यांना आरशात बघायलाही फुरसत नसते.

आता हा आजीछाप वास जुना तरी किती? सुकत्या गवताच्या गोडसर वासाचं कुमारिन हे द्रव्य पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. व्हायोलेटच्या फुलांसारखा भुकटीचा वास देणारी आयोनोन द्रव्यं जर्मनीत १८९३ मध्ये हाती आली. पुढे असल्याच द्रव्यांच्या जोरावर साबण, पावडरी, स्नो यांचे डबे घरोघरी गेले. पणजीच्या काळी चेहऱ्याला पावडर लावणं म्हणजे भलताच नखरा. सासूच्या नजरेतून तो सुटत नसे!

याउलट केवडा पाहा. पावसाळ्यात त्याचं कणीस काढायचं म्हणजे हात ओरबाडून घ्यायची तयारी हवी, कारण पातीच्या दोन्ही कडांना करवतीसारखे काटे. आतली पिवळसर पाती उलगडली की परागांची भुकटी बोटांवर उतरते आणि हात धुतला तरी वास रेंगाळतो. काटे काढलेली पात वेणीत माळायची, उरलेली लुगड्यांच्या घडीत ठेवायची, ही बायकांची पूर्वापार रीत. पावडरीच्या डब्यापेक्षा केवडा कितीतरी जुना, पण त्याला कुणी म्हातारा म्हणत नाही. कारण दर गणपतीत तो नव्या पोरींच्याही हातात येतो.

केळशीतच याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज ज्यांना मानत, ते हे बाबा. दर्ग्यातल्या ऊद-अत्तरालाही कुणी जुनाट म्हणत नाही. पावडरीचं नशीब तेवढं वेगळं. एका पिढीनं ती हौसेनं लावली, पुढच्या पिढीनं दुसरी बाटली उचलली आणि तो वास आजीच्या नावावर चढला. नाकाकडून निघालेला निरोप मेंदूत आठवणींच्या आणि भावनांच्या भागांशी फार जवळून जोडलेला असतो. म्हणून त्याच वासानं एकीला मळमळतं आणि दुसरीला आई आठवते. माझं विचाराल तर नाक मुरडणारीच्या बॅगेतली आजची बाटलीसुद्धा तीस वर्षांनी आजीछापच ठरणार आहे.

वासानं डोकं दुखण्याची तक्रार मात्र वेगळी. ती फॅशनची नव्हे, शरीराची. उग्र वासानं कुणाची अर्धशिशी उठते, कुणाचा दमा बळावतो, मग ते अत्तर आजीचं असो की नातीचं. तेव्हा उत्सवाला जाताना हौसेनं अत्तर लावा, पावडरही लावा, पण बेतानं. शेजारच्याला श्वास घ्यायचा असतो, एवढं ध्यानात असू द्या.