आवळणाराचा धर्म

प्रवरेचें पाणी अडवून भंडारदऱ्यास जो विस्तीर्ण जलाशय झाला आहे, त्याच्या आसपासच्या खेड्यांतून मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दुधाची किटली, भाताचें बियाणें, शाळेंत जाणारीं मुलें, प्रसंगीं आजारी माणूसहि तिच्यावरूनच राजूरला किंवा अकोल्याला जातें. अशा ठिकाणीं पुष्कळ लोक गाडीचें तेल घरच्या अंगणांतच बदलतात. काम साधें आहे. इंजिनाच्या तळाशीं तेलाचें जें भांडें असतें, ज्याला कारागीर चेंबर म्हणतात, त्याचा नट उघडावयाचा, काळें तेल घमेल्यांत उतरूं द्यावयाचें, नट पुन्हां बसवून नवें तेल घालावयाचें. परंतु कधीं कधीं हा नट निघतच नाहीं. पाना लावून जोर करावा तों त्याच्या षट्कोनाच्या कडा झिजून तो गोल होतो. किंवा तो जागच्या जागींच फिरत राहतो, कारण आंतले आटे गेलेले असतात. मग तासाभराच्या कामांत सारा दिवस जातो. आम्हांस येथें जो प्रश्न विचारांत घ्यावासा वाटतो तो यंत्रविद्येचा नाहीं, नीतीचा आहे. हा दिवस कोणीं कोणाचा घेतला ?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. नट पोलादाचा असतो. चेंबर पुष्कळदां अ‍ॅल्युमिनियमचें, म्हणजे त्या मानानें मऊ. दोहोंमध्यें एक पातळ वायसर असतो. नट बेताचा आवळला कीं तो वायसर किंचित् चेपतो, बारीक फटी भरून काढतो आणि तेल थोपवितो. यासाठीं फार जोर लागत नाहीं. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशीं १० किलो वजनाइतका भार दिला म्हणजे सुमारें २५ न्यूटन-मीटर होतात. पुष्कळ लहान गाड्यांच्या पुस्तकांत दिलेलें माप याच्याच आगेंमागें असतें. परंतु भ्यालेल्या माणसाचें मापानें समाधान होत नाहीं. तो पान्याला नळीचा तुकडा जोडून आणखी एक हिसका देतो. त्या हिसक्यानें तेल अधिक थोपत नाहीं. मऊ आटे मात्र ताणले जातात. म्हणजे ज्या आट्यांच्या जोरावर सारी सुरक्षितता उभी, त्यांनाच ही जादा सुरक्षितता खाऊन टाकते.

असा नट काढण्याची रीतहि विचार करण्याजोगी आहे. जाणता कारागीर आधीं इंजिन जरा कोमट करतो, नटाभोंवतीची घाण पुसतो, आणि सहाहि बाजूंनी नीट बसणारा गोटी पाना लावतो. तो निसटला तर कानशीनें समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून लहान पाना बसवितो; नंतर पाइप पाना; नंतर कडेवर छिन्नी टेकवून उलट दिशेनें हलके ठोके; आणि शेवटीं, झिजलेल्या नटावर दुसरा नट वेल्डिंगनें चिकटविणें. नट नुसताच फिरत असेल तर त्याला खालीं ओढ देत देत फिरवितो. नट निघाल्यावर नवे आटे पाडून जरा मोठा नट बसवितां येतो, किंवा जुन्या भोकांत पोलादी तारेचे आटे घालतां येतात. या क्रमांत एक शहाणपण आहे: प्रत्येक उपाय पुढच्या उपायाला जागा ठेवतो. रागावलेला माणूस छिन्नी पहिल्यानें उचलतो आणि चेंबरच फोडून बसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मागच्या खेपेस नट आवळणारा दुष्ट नव्हता. 'माझ्या हातून तेल गळूं नये' एवढीच त्याची इच्छा होती. परंतु त्या वाक्यांतील 'माझ्या हातून' हे शब्द नीट पाहावेत. त्याचा विचार त्याच्या हातापाशीं सुरू झाला आणि तेथेंच संपला. हा नट पुन्हां कोणाला तरी उघडावयाचा आहे, हें त्याच्या ध्यानींच नव्हतें. यावर कोणी म्हणेल, नट सैल राहून तेल गळालें, घाटांत इंजिन जाम झालें, तर त्याहून मोठा अनर्थ नाहीं काय ? आहे, आणि म्हणूनच सैल सोडणाराचा दोष आम्ही लहान मानीत नाहीं. फरक इतकाच कीं, सैल सोडणाराचा दोष लवकर उघडकीस येतो व बहुधा त्याच्याच पदरीं पडतो. अति आवळणाराचा दोष महिनोन्‌महिने सद्गुणाच्या वेषांत वावरतो आणि दुसऱ्याच्या माथीं फुटतो.

बांधणें आणि कायमचें बंद करणें यांतील भेद समजून घ्यावयाचा तर भंडारदऱ्याच्या धरणाकडेच पाहावें. १९१० साली त्याचें काम सुरू झालें आणि १९२६ साली तें पुरें झालें. सुमारें ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत पाणी अडविण्यासाठींच उभारली. तरी तिच्या अंगांत पाणी सोडण्याच्या वाटा बांधणारांनीं ठेवल्या. त्या दारांवर ज्यांचे हात पुढें पडावयाचे होते, त्यांतले कित्येक तेव्हां जन्मलेहि नव्हते. १९६९ साली भिंतींत भेगा आढळल्या, तेव्हां मागून आधार देऊन ती बळकट करण्यांत आली. पुढच्या पिढीला दार उघडतां यावें, आणि वेळ पडल्यास आपलें काम दुरुस्तहि करतां यावें, अशी सोय ठेवणें हा चांगल्या बांधकामाचाच भाग आहे.

संसारांतहि हेंच आहे. 'ही जमीन कधींहि विकणार नाहीं' अशी मुलांकडून शपथ घेणारा बाप मुलांवर प्रेमच करीत असतो. पुढें नातवाच्या दुखण्यासाठीं पैशाची गरज पडते, तेव्हां दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत बसतात. शपथ मोडावी तर बाप मनांत उभा, पाळावी तर मूल अंथरुणावर. कडा झिजलेला नट तो हाच. बापाची काळजी खोटी नव्हती. तिला माप नव्हतें. आपल्या माघारीं येणाराला आपल्याइतकीच बुद्धि असेल, हा विश्वास त्याला ठेवतां आला नाहीं.

उतरविलेलें काळें तेल ओढ्यांत ओतणाराचाहि विचार असाच स्वतःच्या अंगणापाशीं संपलेला असतो; प्रवरेच्या खालच्या अंगाला अकोलें आहे, संगमनेर आहे, हें तो विसरतो. तें तेल डब्यांत भरून जुनें तेल घेणाराकडे पोंचविणें हेंहि त्याच कर्तव्याचें दुसरें अंग होय.

मग गळतीच्या भीतीचें काय करावें ? तिलाहि उत्तर आहे, आणि तें सोपें आहे. नवा वायसर घालावा, मापानें आवळावें, नट कोरडा पुसावा, इंजिन चार मिनिटें चालवून बंद करावें आणि खालीं वाकून पाहावें. थेंब दिसला तर आणखी किंचित् आवळावें. न दिसला तर पाना खालीं ठेवावा.