बेरजेला अभ्यास म्हणू नका

सागरी सुरक्षेवरचे तुमचे निबंध तपासले. बहुतेकांनी पहिल्याच पानावर तक्ता काढला आहे. भारताच्या पाणबुड्या इतक्या, पाकिस्तानच्या इतक्या, चीनच्या साठच्या आसपास. खाली निष्कर्ष: पाकिस्तानला आपण सहज पुरून उरू, चीनपुढे आपला टिकाव लागणार नाही. दोन्ही वाक्यं मी लाल शाईनं खोडली आहेत. ती खरी की खोटी हे नंतर बघू. तुम्ही ती सिद्ध केलेली नाहीत. आकडे उतरवून बेरीज करायला चौथीतलं पोर पुरे. तुम्ही उद्या प्रशासनात जाणार, संरक्षणखर्चाच्या फायली हाताळणार, आणि तुमची झेप तक्त्यापर्यंतच?

१९७१ चं युद्ध तुम्हाला पाठ आहे म्हणता. मग सांगा, त्या डिसेंबरात पाणबुड्या कुणाकडे किती होत्या? भारताकडे चार: कलवरी, खंदेरी, करंज आणि कुरसुरा. पाकिस्तानकडेही मोठ्या पाणबुड्या चारच: अमेरिकेकडून आलेली गाझी आणि तीन फ्रेंच डाफ्ने. तुमच्या तक्त्यानुसार बरोबरी. प्रत्यक्षात काय झालं? गाझी विशाखापट्टणमजवळ नव्वदहून अधिक माणसांसह तळाला गेली. ती कशानं बुडाली याबद्दल दोन्ही देशांचे दावे वेगळे आहेत, पण तिथवर तीच का गेली, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन लढण्याचा पल्ला चौघींत तिचाच होता, म्हणून. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ हंगोर या एकट्या डाफ्नेनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. आपल्या चार पाणबुड्यांच्या हातून त्या युद्धात शत्रूचं एकही जहाज बुडालं नाही. चारास चार लिहून मोकळं होणाऱ्याला यातलं काय दिसणार?

दुसरी चूक याहून मोठी आहे. तुम्ही सगळ्या पाणबुड्या एकाच रकान्यात कोंबल्या आहेत. काही याद्यांमध्ये अमेरिका आणि उत्तर कोरिया शेजारी शेजारी असतात, दोघांचीही संख्या सत्तरच्या आसपास. अमेरिकेच्या सगळ्या पाणबुड्या अणुशक्तीवर चालतात. उत्तर कोरियाकडे एकही अणुपाणबुडी सेवेत नसताना त्या याद्या झाल्या. त्यात जुन्या सोव्हिएत घडणीच्या डिझेल पाणबुड्या आणि किनाऱ्यालगत वावरणाऱ्या छोट्या बोटीच जास्त. आता लगेच ‘छोट्या म्हणजे निकामी’ असं लिहू नका. मार्च २०१० मध्ये दक्षिण कोरियाची चेओनान ही युद्धनौका बुडाली, ४६ जण मेले, आणि हे काम उत्तर कोरियाच्या छोट्या पाणबुडीनं सोडलेल्या टॉर्पेडोचं, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय चौकशी पथकानं काढला. शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल एका दावणीला बांधून मोजले, तर शेतीही कळत नाही आणि शर्यतही. आधी काम विचारा, मग संख्या.

काम विचारायचं तर यंत्र समजून घ्यावं लागतं, आणि तिथेच तुम्ही कंटाळा केलात. अणुपाणबुडी आतल्या माणसांचं अन्न पुरेल तितके दिवस पाण्याखाली राहते आणि वेगानं लांब जाते. डिझेल-विद्युत पाणबुडी बॅटरीवर असताना अत्यंत शांत असते, म्हणून उथळ पाण्यात ती घातक. पण बॅटरी भरण्यासाठी तिला वर येऊन स्नॉर्केलची नळी बाहेर काढावी लागते, आणि तेवढ्यात ती सापडते. हे वर येणं लांबवणारी यंत्रणा म्हणजे एआयपी. ती पाकिस्तानच्या तीन अगोस्टा ९०-बी पाणबुड्यांवर आहे. चीनकडून ठरलेल्या आठ हंगोर वर्गाच्या पाणबुड्यांतही ती आहे, आणि त्यातल्या चार कराचीत बांधायच्या आहेत. आपल्या नव्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या तिच्याविना नौदलात दाखल झाल्या. आपली यंत्रणा अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत विकसित झाली. ती पाणबुडीत बसवण्याच्या कामाचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. अंबरनाथ तुमच्या लोकलच्या वाटेवर आहे. एकाही निबंधात त्याचं नाव नाही.

‘सहज पुरून उरू’ लिहिणाऱ्यांनी आता हेही ऐकावं. नावावर असलेली पाणबुडी आणि समुद्रात असलेली पाणबुडी एक नव्हे. ढोबळ हिशेब असा, की तीनपैकी एक गस्तीवर, एक सरावात, एक दुरुस्तीत. १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक ही पाणबुडी मुंबईच्या नौदल गोदीत स्फोटानं बुडाली. १८ जण गेले. रशियातून मोठी दुरुस्ती करून ती त्याच वर्षी परतली होती. २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्नवर मुंबईजवळच्या समुद्रात धूर कोंडला, दोन अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तुम्ही ज्याला ‘एक’ लिहिता, त्या एकाच्या पोटात पन्नास-साठ माणसं श्वास घेत असतात. याचं भान ठेवून आकडा लिहायला शिका.

पाणबुडीचं शस्त्रही तुम्ही मोजलं नाहीत. नवी कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, पण तिच्यासाठी निवडलेल्या ब्लॅक शार्क टॉर्पेडोंचा व्यवहार त्याआधीच रद्द झाला होता. तिला शिशुमार वर्गासाठी पूर्वी घेतलेल्या जर्मन टॉर्पेडोंवर भागवावं लागलं.

आणि कारागिरी? माझगाव गोदीत शिशुमार वर्गातल्या शाल्की आणि शंकुल बांधल्या गेल्या. शंकुल १९९४ ची. एचडीडब्ल्यू या जर्मन कंपनीशी झालेल्या व्यवहारावरच्या आरोपांनंतर ते काम पुढे गेलंच नाही. स्कॉर्पीनचा, म्हणजे नव्या कलवरी वर्गाचा, करार २००५ चा, पहिली पाणबुडी २०१७ मध्ये. पाणबुडीच्या पोलादाचं वेल्डिंग पुस्तकातून येत नाही. ते शिकलेले हात रिकामे बसले, की विद्या जाते आणि पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. २०३० पर्यंत २४ पाणबुड्या बांधण्याची योजना १९९९ मध्ये मंजूर झाली होती. ती कुठवर आली हे शोधलं असतंत, तर निबंधाला अर्थ आला असता.

चीनचे साठ वाचून हातपाय गाळणाऱ्यांनाही मी गुण देणार नाही. त्या पाणबुड्यांना अमेरिका आणि जपानकडे पाठ फिरवता येत नाही. हिंदी महासागरात यायचं तर मलाक्कासारख्या चिंचोळ्या वाटा आणि हजारो सागरी मैल आहेत. आणि आलेल्या पाणबुडीला शोधणारी पी-८आय विमानं आपल्याकडे आहेत, ती तुमच्या तक्त्यात कुठे आहेत? तुमचा गर्व आणि तुमची भीती, दोन्ही एकाच आळसातून आली आहेत.

निबंध परत न्या आणि पुन्हा लिहा. प्रत्येक आकड्यापुढे लिहा: यातल्या आज समुद्रात किती जाऊ शकतात, किती लांब, पाण्याखाली किती दिवस, कोणत्या शस्त्रानिशी, आणि त्यांना शोधायला समोरच्याकडे काय आहे. यातलं एखादं उत्तर मिळालं नाही, तर निष्कर्ष लिहू नका. नुसता तक्ता घेऊन आलात, तर मी तो वाचणार नाही.