शोक करणाऱ्याच्या मुखी स्तुती

ज्याच्या दारातून नुकतेच प्रेत बाहेर गेले आहे, त्याला देवाची थोरवी वर्णावयास सांगणे योग्य आहे काय? यहूदी लोकांच्या 'कद्दीश' या प्रार्थनेमुळे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. ही प्रार्थना अरामी भाषेत आहे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांची बोली मराठी, पण तेही कद्दीश म्हणतात ते याच भाषेत. शोक करणारे ती म्हणतात, तरी तीत मरणाविषयी एक शब्द नाही. देवाने आपल्या इच्छेने निर्माण केलेल्या जगात त्याचे नाव थोर व पवित्र मानले जावो, त्याचे राज्य लवकर स्थापन होवो, हे तिचे मुख्य मागणे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या आरंभाशी तिचे साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी शब्बाथाच्या सकाळी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी 'ट्री ऑफ लाइफ' या सभास्थानात एका बंदूकधाऱ्याने ११ उपासकांना ठार केले. त्या इमारतीत तीन मंडळ्या जमत असत. पुढल्या शुक्रवारी तेथील दैनिकाने पहिल्या पानावर मथळा म्हणून कद्दीशचे आरंभीचे शब्द इब्री अक्षरांत छापले. ज्यांना ती अक्षरे लावता येत नव्हती, अशांच्याही घरी ते गेले.

खुनानंतर स्तुती! हे दुःख दाबून टाकणे नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. याचे कारण प्रार्थनेच्या शब्दांत नाही, तर ज्या रीतींमध्ये ती बसविली आहे त्यांत आहे. आधी जवळचा नातलग उभा राहून आपले वस्त्र फाडतो. हल्ली पुष्कळ जण काळी फीत फाडतात. मग 'शिवा', म्हणजे शोकाचे सात दिवस. घरचे लोक ठेंगण्या आसनावर बसतात. मूठमाती दिल्यावरचे पहिले जेवण त्यांनी रांधावयाचे नाही. शेजाऱ्यांनी आणावयाचे, त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर. भेटीस आलेल्याने आधी तोंड उघडावयाचे नाही. शोक करणारा बोलेपर्यंत गप्प बसावयाचे. हा धडा रब्बींनी इयोबाच्या मित्रांपासून घेतला. ते सात दिवस व सात रात्री काही न बोलता भूमीवर बसले होते. (त्यांनी पुढेही तसेच बसावयास हवे होते, असे कोणत्या संडेस्कूल शिक्षकाला वाटले नसेल?)

शिवाय कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण हजर असावे लागतात. जुन्या वळणाच्या मंडळ्यांत दहा पुरुष, इतर पुष्कळ ठिकाणी स्त्रियाही मोजतात. आमच्या मते सारे मर्म येथे आहे. शोक करणाऱ्याच्या मुखी स्तुती यावी असे ज्यांना वाटते, त्यांनी स्वतः उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले पाहिजे व 'आमेन' म्हटले पाहिजे. आईबापांसाठी तर अकरा महिने रोज. "देवाची इच्छा" असे उंबरठ्यावरून म्हणून निघून जाणे त्यामानाने फार स्वस्त आहे.

तक्रारीलाही तेथे जागा आहे. आव महिन्याच्या नवव्या दिवशी मंदिराच्या दोन्ही नाशांचे, इ. स. पू. ५८६ व इ. स. ७० मधील, स्मरण करतात. उपास असतो, दिवे मंद करतात आणि भूमीवर बसून विलापगीत वाचतात. त्या पुस्तकाचे शेवटचे वचन इतके कठोर आहे की ते वाचून झाल्यावर त्याच्या आधीचे वचन पुन्हा म्हणण्याची वहिवाट आहे. कठोर वचन मात्र कोणी गाळीत नाही.