रविवारची घंटा

आमच्या वस्तीवरच्या मंदिराची घंटा म्हणजे हातभर लांबीचा रुळाचा तुकडा. वांबोरी ठेसनाकडून कुणीतरी कधीकाळी आणलेला, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. त्याच्यावर पहार मारली की आवाज पार ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत जायचा. रविवारी तो दोनदा वाजायचा. पहिली घंटा आंघोळीची, दुसरी बसायची.

दुसरी व्हायच्या आधीच आजी सतरंजीवर पुढं बसलेली असायची. ती शाळेत कधी गेली नव्हती. पण उपासना संगीतातली गाणी तिला तोंडपाठ होती, आणि त्या पाठ गाण्यांच्या ओळींवरून बोट फिरवत फिरवत ती चाळिशीनंतर अक्षरं ओळखायला शिकली. आम्ही नातवंडं मागं बसून एकमेकांना चिमटे काढायचो. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की बाहेरच्या कोंबड्या मोजायचो. लिंबाखाली चपला काढल्यापासून आशीर्वाद होईपर्यंत आमचं सगळं लक्ष बाहेर.

एकदा मी चिडून तिला विचारलं, “देव घरी नाही का? मग इथं येऊन दोन तास कशाला बसायचं?”

आजी म्हणाली, “तुला काय ठावं. गावकीचं बोलावणं आलं की हातातली भाकर टाकून पळावं लागायचं. कुनाचं सरपन फोड, कुनाचं मेलेलं ढोर वढ, सांगावा घिऊन त्या गावाला जा. घंटा झाल्यावर मातर मंदिरात बसलेल्याला हाक मारायची न्हाई, असं हळूहळू पडलं. तेबी सुखासुखी न्हाई. आठवड्यातनं दोन तास मी कुनाची न्हवते रं. देवाची व्हते.”

कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. पण कायदा झाला म्हणून हाका लगेच थांबल्या नाहीत, हे त्या पिढीला विचारा. आजीला उपासनेची किंमत कुणी शिकवली नव्हती. ती तिनं मोजून दिली होती. त्या दोन तासांपायी कुणाकुणाची मजुरी बुडाली, कुणाला शिव्या बसल्या, ते ती सांगायची नाही; पण दळणातली मूठभर बाजरी अर्पणासाठी बाजूला काढताना तिची मूठ कधी ढिली पडली नाही.

माझी अडचण इथंच सुरू झाली. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि पंचांनी शब्बाथशाळा माझ्या गळ्यात घातली. आता या पोरांना कुणी सरपण फोडायला बोलावत नाही, हे चांगलंच आहे. पण ज्याला तहान नाही त्याला पाणी गोड कसं लागायचं? मी मास्तरी उपाय केले. हजेरीपट केला. वचन पाठ केलं की बिस्किटाचा पुडा. वर्षभर न चुकता येणाऱ्याला नाताळात बक्षीस. पोरं आली, पाठ केलं, पुडे नेले. बिस्किटं संपली तसा पटही आटला. खरं सांगायचं तर मी त्यांना बिस्किटाची किंमत शिकवत होतो.

आणि एक गोष्ट माझ्या हातून घडली ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. 2006 च्या आसपासची गोष्ट. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा शास्त्रपाठ चालू असतानाच भिंतीला टेकून झोपला, चांगला घोरायला लागला. पोरं फिदीफिदी हसली. मी उठलो आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. “झोपायचं तर घरी झोप, देवाच्या घरात नाही,” असंही वर म्हणालो. तो काही बोलला नाही. उठून बाहेर गेला. त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता तो मला तेव्हा दिसला.

रात्रभर कांद्याला पाणी धरून तो बांधावरनं सरळ मंदिरात आला होता. घरी जाऊन पडला असता तर उपासना चुकली असती म्हणून. हे त्याच्या आईनं मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. सर्वांसमोर मारलं तर माफीही सर्वांसमोर मागावी, असं मला वाटत होतं. पंचांपैकी एक म्हणाले, “गुरुजी, पोरांसमोर वाकू नका, उद्या कुणी ऐकणार नाही.” मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. दर रविवारी सगळ्यांबरोबर पापांची कबुली मोठ्यानं म्हणत राहिलो. ती म्हणायला सोपी असते, त्यात नाव-गाव नसतं. मंदिरात अर्पण आणताना भावाचं आपल्याविषयी काही असेल तर दान तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. तेही मी पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. पुड्यासह.

मधल्या काळात मंदिरात बरंच बदललं. सतरंजीच्या जागी खुर्च्या आल्या. पोरांनी गिटार आणली, कीबोर्ड आणला, म्हातारी मंडळी कुरकुरली. मी कुरकुरलो नाही. नगरला अमेरिकन मिशननं 1831 साली काम सुरू केलं. पुढं कितीतरी वर्षं आमची माणसं परदेशी चालींत बसवलेली भाषांतरं गात होती. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओव्यांत गाणी दिली, कीर्तन केलं, तेव्हा कुठं आजीसारख्यांच्या तोंडात उपासना बसली. आमच्या या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेला मराठी बोलायला लावलं, तीच वाट. त्या वेळी टाळ-मृदंगालाही कुणीतरी नाकं मुरडली असणारच. म्हणून गिटारीचं मला काही नाही. फक्त आवाज इतका मोठा असू नये की शेजारची म्हातारी काय गातेय ते ऐकूच येणार नाही. उपासनेत शेजारचा माणूस ऐकू आला पाहिजे, एवढा माझा हट्ट. देव घरीही आहे, पोरांचं ते खरं. पण घरी शेजारी बसायला आपण ज्याला मारलं तो मुलगा नसतो.

गेल्या वर्षी तरुणांच्या वर्गात उपासना म्हणजे काय यावर बोलताना मी ही गोष्ट सांगितली. वाटलं, पोरं भारावतील. शेवटच्या ओळीतली एक मुलगी, बारावीची असेल, तिनं विचारलं, “मग सर, तुम्ही माफी मागितली का?”

मी हातातला खडू उगाच फिरवत राहिलो. “नाही,” म्हणालो.

वर्गात कुणी हसलं नाही. इतकी वर्षं शिकवतोय, पण पोरांनी इतकं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

तो मुलगा आता चाकणला कंपनीत आहे. त्याच्या पाळीत रविवार येतो तसा जातो. नाताळाला गावी येतो, घरच्यांना आत सोडतो आणि स्वतः लिंबाखाली मोटारसायकलला टेकून उभा राहतो. या नाताळात उपासना सुटल्यावर मी त्याच्याकडे गेलो. वर्गातली पोरं मुद्दाम बरोबर घेतली होती. सगळ्यांसमोर म्हणालो, “बाळा, त्या दिवशी मी तुला मारलं ते चुकलं. तू आलास तसं येणं मला कधी जमलं नाही.”

तो इतका ओशाळला की त्याला कुठं बघावं कळेना. “जाऊ द्या हो गुरुजी, झोप लागली होती मला,” म्हणाला. मग काही सुचेना म्हणून कडेवरच्या लेकीला रुळाचा तुकडा दाखवायला लागला. तिला पहार उचलेना. त्यानं खालून हात लावला, दोघांनी मिळून मारली.

मंदिरात खुर्च्या रचणारा कुणीतरी आतून ओरडला, “अवेळी कोण वाजवतंय रं?”

पोरीनं ते ऐकलं आणि आणखी एकदा मारली.