चढावर थांबणे

सायकलवरून लांबच्या फेरफटक्याला निघणाऱ्या माणसाला वाटेत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर त्याला कधीच नीट देता येत नाही. 'कशाला आलात?' हा तो प्रश्न. कोणाचे लग्नकार्य नाही, देवाचा नवस नाही, बाजारहाट नाही, एस. टी.चे भाडे परवडत नाही असेही नाही. मग हा मनुष्य घामाघूम होऊन चाळीस किलोमीटर कशासाठी आला? आपण म्हणतो, 'सहज.' विचारणारा मान डोलावतो, पण त्याला ते पटलेले नसते. खरे सांगायचे तर आपल्यालाही पटलेले नसते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न मला तिसगावात एका आजीबाईंनी विचारला, आणि तेव्हापासून तो माझ्या मानगुटीवर बसला आहे.

नगरहून (कागदोपत्री ते २०२४ पासून अहिल्यानगर झाले, पण जुनी जीभ अजून 'नगर'च म्हणते) पाथर्डीच्या रस्त्याला लागले की काही वेळाने करंजीचा घाट येतो. जाताना तो उताराचा आहे. उतरून करंजी मागे टाकली की थोड्याच वेळात तिसगाव. सभोवार गर्भगिरीचे डोंगर, बोडके आणि समजूतदार. पाऊस बरा झाला असेल तर त्या दिवसांत त्यांच्यावर वाळत आलेले सोनेरी गवत असते. हा सगळा नाथपंथाचा मुलूख. एका बाजूला वृद्धेश्वर, दुसरीकडे मढीला कानिफनाथांची समाधी, पलीकडे मायंब्याला मच्छिंद्रनाथांची. सायकलवाल्याला यापरते काय हवे? चढ आहेत, उतार आहेत, आणि दर चढामागे एखादे गाव आहे.

आजीबाईंच्या ओट्यापाशी मी पाणी मागायला थांबलो. त्यांनी आधी गुळाचा खडा दिला आणि मग तांब्या. उन्हातून आलेल्याला नुसते पाणी देऊ नये, ही रीत त्या विसरल्या नव्हत्या. मग तो प्रश्न आला. मी नेहमीचे उत्तर दिले, 'सहज आलो, आजी.'

त्या म्हणाल्या, 'सहज व्हय? माझी लेकरं कालच गेली कारखान्यावर. त्यांना कुणी इचारीत नाही, कशाला चालले म्हणून.'

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. पाथर्डी तालुका हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तालुका आहे. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी माणसे ट्रकवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून तिथे एक 'कोयता' होतो. हिशेबात ती दोन माणसे नसतात, एक हत्यार असते. घरी म्हातारी माणसे राहतात, कधी नातवंडेही. गळीत संपेपर्यंत गावाची दारे अशी अर्धी मिटलेली असतात. ज्या रस्त्याने ते लोक सक्तीने जातात, त्याच रस्त्याने त्याच आठवड्यात मी हौसेने आलो होतो.

मग हौसेने कष्ट सोसणे हा सक्तीने कष्ट सोसणाऱ्याचा उपमर्द आहे काय?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. पहिले असे की, तसे असेल तर घरीच बसावे. पण मी घरी बसल्याने त्या कोयत्याचे ओझे तसूभरही हलके होत नाही; फक्त ते माझ्या नजरेआड होते. दुसरे उत्तर अधिक गोड आहे. तेही घाम गाळतात, मीही गाळतो, म्हणून आम्ही सारखेच! सायकलवाल्यांच्या मनात ही समजूत फार लवकर रुजते. पण घामाघामात फरक आहे. माझा घाम मी म्हणेन तेव्हा थांबतो. दमलो तर मी झाडाखाली बसतो, कंटाळलो तर सायकल एस. टी.च्या टपावर टाकून घरी जातो. ज्याला ओझे खाली ठेवता येते त्याने ओझ्याचा अभिमान धरू नये. नुसते कष्ट हे पुण्य नव्हे. तसे असते तर उसाच्या फडात सगळे संतच दिसले असते.

मग या प्रवासात चांगले असे काही आहे की नाही? मला वाटते, आहे. पण ते कष्टात नसून वेगात आहे. मोटारीतला माणूस गावातून जातो, पण गाव त्याला हाक मारू शकत नाही. हाक पोचेपर्यंत तो पुढच्या शिवारात असतो. सायकलवाला मात्र हाकेच्या टप्प्यातून जातो. त्याचे तोंड उघडे, कान उघडे, आणि उंची अशी की ओट्यावरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडावा. ज्या नाथांच्या समाध्या या डोंगरांत आहेत तेही भटकेच; पण त्यांच्या भटकण्याला एक नियम होता. दारापुढे उभे राहायचे, 'अलख' म्हणायचे, आणि आतून कोणी येईपर्यंत थांबायचे. दारोदार थांबणे हा त्या चालण्याचाच भाग होता.

शास्त्रज्ञ सांगतात की सपाटीवर सायकलने जायला, तेवढेच अंतर पायी चालायला लागणाऱ्या शक्तीच्या सुमारे पाचवा भाग पुरतो. म्हणजे चार भाग शिल्लक पडतात. ही शिल्लक कोणाची? आपण ती अधिक लांब, अधिक वेगाने जाण्यात खर्च करतो. पण तिच्यातला एक वाटा थांबण्यासाठी राखून ठेवलेला असावा, असे मला आता वाटते. आता वाटते म्हणतो, कारण त्या दिवशी वाटले नव्हते.

परतताना करंजीचा घाट चढाचा होता. निम्म्यावर रस्त्याच्या कडेला एक गृहस्थ उभे होते. हातात जुनी काळी सायकल, मागे पोते बांधलेले, पुढचे चाक जमिनीला टेकलेले. त्यांनी हात केला. माझ्या खोगिराखाली पंप होता, सोल्युशन होते, ठिगळेही होती. पण चढावर एकदा थांबले की लय मोडते, पुन्हा पायडल मारणे जिवावर येते, हे सायकलवाल्याला ठाऊक असते. मीही हात वर केला, जणू त्यांनी रामराम घातला होता, आणि पुढे गेलो.

माथ्यावर चहा घेताना तो हात कपात दिसू लागला. सकाळी ज्या मुलखाने मला गुळासकट पाणी पाजले, त्याच मुलखाच्या माणसाला मी दुपारी ओळखले नव्हते. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सत्तर हजार किलोमीटरांच्या वर मजल मारून १९२८ साली परतले. आपण त्यांच्या पायांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण एवढ्या वाटेवर अनोळखी माणसांनी दिलेले पाणी किती असेल? सायकलवरचा प्रत्येक प्रवास असा उधारीवर चालतो. ही उधारी ज्याची त्याला फेडता येत नाही, कारण पाणी देणारा पैसे घेत नाही आणि आपण पुन्हा त्या दारी जाऊच असे नाही. ती पुढच्या वाटेवर, जो भेटेल त्याला फेडायची असते. मला पुढची वाट आणि माणूस दोन्ही भेटले होते, तेही सहा तासांच्या आत.

मी सायकल वळवली आणि निम्मा घाट उतरलो. ते गृहस्थ तिथे नव्हते. जवळच शेळ्या राखणारा एक पोरगा होता. त्याने सांगितले की एका टेम्पोवाल्याने त्यांना पोत्यासकट, सायकलीसकट नेले. मला हायसे वाटले आणि लाजही वाटली. गावाचे माझ्यावाचून काही अडले नव्हते. अडले होते ते माझेच.

मग तो चढ मला दुसऱ्यांदा चढायचा होता. मी सायकलीवर टांग टाकणार, तेवढ्यात पोरगा म्हणाला, 'काका, तुमी तर मघाशीच वर गेलते. मंग परत कशाला आले?'

'सहज' हा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला, सायकल दगडाला टेकवली, आणि त्याच्याजवळ बसून काय झाले ते सांगितले.